गव्हाणी घुबडाची नेमणूक

घुबड नेमायचं झालं तरी तीन पर्याय सादर करावे लागतात, हे दप्तरदारांना नोकरीच्या तिसाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांचा समज असा होता की खुर्ची, पंखा आणि जिना झाडायचा खराटा एवढ्यांनाच तुलनात्मक तक्ता लागतो. पण मोठ्या साहेबांनी त्यांच्या टिपणीच्या समासात हिरव्या शाईने लिहिलं, 'एकाच घुबडाची शिफारस संशयास्पद वाटते. किमान तीन घुबडे विचारात घेऊन पुन्हा सादर करावे.' हिरव्या शाईपुढे कुणाचं काही चालत नाही. दप्तरदारांनी पट्टी काढली आणि रकाने आखायला घेतले.

घुबडापर्यंत गोष्ट गेली ती उंदरांमुळे. दप्तरदारांचा अभिलेख कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट, कोंदट खोली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर लाल फितीत आवळलेल्या फायली, आणि फायलींमागे उंदीर. दाराबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर आपापल्या कागदांची वाट पाहणारी माणसं बसत. कुणाला घराच्या नकाशाची नक्कल हवी असे, कुणाला वारसाचा दाखला. दप्तरदार फाईल शोधत. सापडली तर देत. नाही सापडली तर वरच्या मजल्यावरून हेडक्लार्कची चिठ्ठी येई, 'उंदरांनी खाल्ली असावी. नोंद घ्यावी.' या नोंदीसाठी एक रबरी शिक्का होता: मूषकभक्षित. दप्तरदार तो नोंदवहीत जराही तिरका न होऊ देता उमटवत आणि खाली लफ्फेदार सही ठोकत. असे तीनशे चाळीस शिक्के झाले होते. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. उंदीर खोटे थोडेच होते? एक तर रोज दुपारी त्यांच्या चपलेवर येऊन बसायचा.

आता निवृत्ती दहा महिन्यांवर आली होती, आणि दप्तरदारांचा सगळा जीव सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानात अडकला होता. त्या पानावर साहेब एक शेरा लिहितात. दप्तरदारांना 'निष्कलंक' हा शेरा हवा होता. दुसरं काही नको होतं. त्यांचा मेहुणा दुसऱ्या एका खात्यातून वर्षभरापूर्वी 'समाधानकारक' एवढ्यावर निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून घरात त्या शब्दाचा उच्चारसुद्धा कुणी करत नसे. जेवण कसं झालं असं विचारलं तरी माणसं 'छान' म्हणत.

अशा वेळी हेडक्लार्कने बातमी आणली. "तुमच्या निवृत्तीआधी तपासणी आहे. तीनशे चाळीस फायली उंदरांनी खाल्ल्या म्हटल्यावर तपासनीस विचारणार, दप्तरदार काय करत होते? उंदीर तुमच्या खोलीतले. कलंक तुम्हालाच लागणार."

 दप्तरदारांनी लगोलग मोहीम उघडली. पहिल्यांदा मांजर आणली. तिला प्रत्येक टेबलावरून चहातलं दूध मिळू लागलं, महिन्याभरात ती फुगली आणि आवक टपालाच्या ट्रेमध्ये झोपू लागली. उंदीर तिच्या बाजूने अदबीने जात. मग पिंजरा लावला, त्यात शिपायाचं बोट सापडलं आणि शिपाई तीन दिवस बोट वर करून सगळ्या मजल्यांवर हिंडला. मग औषध घातलं. मेलेले उंदीर मांडण्यांमागे असे काही कुजले, की बाकावरची माणसं अर्ज मागे घेऊन निघून गेली. हेडक्लार्कच्या मते तेवढाच या मोहिमेचा फायदा.

घुबड सुचवलं मेहुण्याने. निवृत्तीनंतर त्याने एक दुर्बीण घेतली होती आणि दुर्बीण गळ्यात अडकवल्याबरोबर माणसाला सगळ्या विषयांतलं कळू लागतं.

"भावजी, गव्हाणी घुबड आणा," तो म्हणाला. "पांढरं तोंड, बदामासारखं. ते तोंड नाही, आवाज गोळा करायची थाळी आहे. एक कान वर, एक कान खाली. त्यामुळे आवाज कुठून आला, किती उंचीवरून आला, सगळं बरोब्बर कळतं. मिट्ट काळोखात डोळ्यांनी काही न बघता नुसत्या खसफसीवर उंदीर उचलतं."

"आणि ते आल्याचं उंदराला कळत नाही?" दप्तरदारांनी विचारलं.

"कळेल कसं? पंखांच्या कडेला बारीक झालर असते. हवा कापताना आवाजच होत नाही. आणि डोळे जागचे हलत नसले तरी मान जवळजवळ पूर्ण मागे वळते."

दप्तरदार त्या रात्री दात घासताना आरशात आपले कान बराच वेळ निरखत उभे होते. दोन्ही एका रेषेत होते. आपल्याला ऑफिसातल्या कितीतरी गोष्टी ऐकू का येत नाहीत, याचं हे शास्त्रीय कारण असावं असं त्यांना वाटलं. हा विचार त्यांनी हसण्यावारी नेला, ही त्यांची चूक झाली.

तर तक्ता. पर्याय एक, पिंगळा: आकार मुठीएवढा, संध्याकाळीच कामावर येतो, दिवसाही दिसतो, आहार मुख्यतः किडे. पर्याय दोन, गव्हाणी घुबड: शिफारस. पर्याय तीन, मत्स्यघुबड: आकार सर्वांत मोठा, पाय उघडे, तळव्यांना निसटता मासा धरता यावा म्हणून खरखरीत काटे, उडताना पंखांचा आवाज होतो कारण पाण्यातल्या माशाला तो ऐकू येत नाही. दप्तरदारांनी हे सगळं मेहुण्याकडून लिहून घेतलं, तीन प्रती काढल्या आणि वर पाठवलं.

चौथ्या दिवशी तक्ता खाली आला. हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'मत्स्यघुबड सर्वांत मोठे असताना त्याची शिफारस का नाही? खुलासा करावा.'

दप्तरदारांनी खुलासा केला की ते मासे खातं.

'जो मासा पकडतो त्याला उंदीर पकडायला काय अडचण आहे?'

दप्तरदारांनी लिहिलं की आपल्या कार्यालयात पाणी नाही.

'नळ फुटल्यावर तळमजल्यावर घोटाभर पाणी साचते, ही बाब आपण विचारात घेतलेली दिसत नाही.'

शेवटी दप्तरदारांनी जिवावर उदार होऊन लिहिलं की मत्स्यघुबडाच्या उडण्याचा आवाज होतो आणि त्याने वरच्या मजल्यावरच्या कामात व्यत्यय येईल. वरच्या मजल्यावर दुपारी दोन ते चार काय काम चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंजुरी त्याच दिवशी आली. सोबत आदेश होता: 'गव्हाणी घुबडाने पंधरा दिवसांत रुजू व्हावे.'

घुबड असं रुजू होत नाही. त्याच्यासाठी पेटी लावायची, भोक ठेवायचं आणि ते आपणहून येईल याची वाट बघायची. सुताराने पेटी उत्तम केली. फक्त भोक किती मोठं ठेवायचं हे लिहिलेला कागद त्याने पेन्सिलीचं टोक घासायला वापरला होता, तेव्हा त्याने स्वतःच्या अंदाजाने मुठीएवढं ठेवलं.

"एवढं कसं पुरेल?" दप्तरदार म्हणाले.

"पक्षीच ना? पक्ष्याला काय दरवाजा ठेवू? दोन चौकटी बसवू?" सुतार म्हणाला. ज्याच्या हातात करवत आहे त्याच्याशी दप्तरदार कधी वाद घालत नसत.

पेटी झरोक्याखाली लागली आणि दहाव्या दिवशी मुठीएवढ्या भोकातून मुठीएवढा पिंगळा बाहेर डोकावला. मागून त्याची बायकोही डोकावली. दप्तरदारांचा आनंद दोन दिवस टिकला. पिंगळा संध्याकाळी व्हरांड्यातल्या दिव्याखाली तारेवर बसे आणि दिव्यावरचे पतंग मटकावी. एकदा तारेखालून मोठा उंदीर चालत आला, तेव्हा पिंगळ्याने त्याच्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि सभ्यपणे दोन पावलं बाजूला सरकला. आपल्यापेक्षा वजनदार असेल त्याला वाट द्यावी, ही रीत त्याला कुणी शिकवली असेल ते असो, पण ती आमच्या कुठल्याही कार्यालयात शोभली असती.

खरा घोटाळा वेगळाच झाला. पिंगळ्याला समोरचा माणूस नीट बघायचा असला की तो गोल पिवळे डोळे वटारून मान खाली-वर करतो. डोळे जागचे हलत नाहीत म्हणून डोकं हलवून अंतर मोजायचं, एवढीच ती गोष्ट. पण साडेचारला गुपचूप सटकणाऱ्या टंकलेखकाच्या दृष्टीने ती एवढीच नव्हती. रोज दाराशी कुणीतरी आपल्याकडे बघून 'हं, हं, कळलं' अशी मान हलवतं, हे त्याच्याने सोसवेना. चोराच्या मनात चांदणं. आठवड्याभरात चौदा सह्यांचं निवेदन साहेबांकडे गेलं: 'सदर पक्षी कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवून मानसिक खच्चीकरण करीत आहे.' साहेबांनी निवेदन दप्तरदारांकडे पाठवलं आणि शेरा मारला, 'पक्ष्याचा खुलासा घ्यावा.'

आणि उंदीर? ते होते तसेच. जिना उतरताना लोक दप्तरदारांना पाहून मान खाली-वर करायचे. बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना 'घुबडसाहेब' म्हणून नमस्कार केला, तोही मनापासून, त्यामुळे तो जास्त लागला.

वन्यजीव खात्याने कळवलं की अंडी घातलेल्या पिंगळ्याला हलवता येणार नाही, हलवल्यास दप्तरदारांना हलवण्यात येईल. मग अभिलेख कक्षातच, छताजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दुसरी पेटी लावली. यावेळी भोक मेहुण्याने स्वतः मोजलं आणि सुताराशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण संपताना मेहुणा जिंकला होता, असं मेहुणा सांगतो.

गव्हाणी घुबडाची जोडी आली ती सहा महिने उरले असताना. आल्याचं पहिल्यांदा पहारेकऱ्याला कळलं. छतातून त्याच्या डोक्यावर अशी काही किंकाळी आली, की तो खुर्चीसकट उठला आणि सकाळी बदलीचा अर्ज घेऊनच सापडला. दप्तरदारांनी त्याला चहा पाजला, समजूत घातली आणि मग दार लोटून, चपला हातात घेऊन आत गेले. कोपऱ्यात, मांडणीच्या टोकावर, पांढऱ्या बदामी तोंडाचं ते घुबड बसलं होतं. त्याने मान वळवली, आणखी वळवली, आणि पाठ दप्तरदारांकडे तशीच ठेवून सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दप्तरदारांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या खोलीत कुणीतरी कामाला आलं होतं.

आता काम झाल्याचा पुरावा हवा. तोही घुबडच देत होतं. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, आणि केस, हाडं, दात, जे म्हणून पचत नाही, त्याची काळी गुठळी करून ते ओकून टाकतं. गुठळी फोडली की आत कवट्या मिळतात, कवट्या मोजल्या की उंदीर कळतात. दप्तरदारांना ही पद्धत फारच आवडली. अशी बिनचूक पोच त्यांना कुठल्याच विभागाकडून कधी मिळाली नव्हती. ते रोज सकाळी पेटीखालच्या गुठळ्या गोळा करत आणि मोजणीसाठी घरी नेत. डब्यातून.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं. डबा तिच्या हातात होता आणि झाकण जमिनीवर.

"पोच आहे," दप्तरदार म्हणाले.

त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते इथे देण्यात अर्थ नाही. डबा फेकला गेला. मेहुण्याला फोन झाला, त्याने पलीकडून घुबडाच्या जठराविषयी सांगायला सुरुवात केली आणि फोन आपटला गेला. दप्तरदार जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, वर्तमानपत्र पसरून, कोमट पाण्यात भिजवलेली गुठळी टाचणीने उकलत बसले. त्यांनी पहिल्या कवटीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. धांदरटपणा तिला घाणीपेक्षाही असह्य होई.

"द्या इकडे ती टाचणी. मटार सोलताना पण असंच करता तुम्ही."

तिने चिमटा आणला, चष्मा लावला आणि कवटी अख्खी काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी जास्तीच्या गुठळ्या आल्या तेव्हा ती नको म्हणाली नाही. आठवडाभरात नुसत्या दातांवरून उंदीर कुठला आणि चिचुंद्री कुठली ते ती सांगू लागली आणि महिन्याभरात दप्तरदारांकडे फक्त आकडे लिहायचं काम उरलं. शेजारीण साखर मागायला आली, टेबल पाहून परत गेली आणि पुन्हा कधी काही मागायला आली नाही. तीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको रोज तासभर शेजारी बसून एकच गोष्ट करत आहेत, असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता.

"कमाल आहे हो," ती एकदा म्हणाली. "जे पोटात गेलं त्याचं सगळं बाहेर येतं. लपत काही नाही."

पाच महिन्यांत तीनशे अकरा गुठळ्या आणि सहाशे चार कवट्या झाल्या. पिल्लं चार झाली होती आणि ती आईबापांपेक्षा हावरट होती. मांडण्यांमागची खसफस थांबली. दप्तरदारांच्या चपलेवर कुणी येईनासं झालं, तेव्हा त्यांना थोडं चुकल्यासारखंही वाटलं. त्यांनी अहवाल लिहायला घेतला. आयुष्यात त्यांनी एवढ्या मनापासून काही लिहिलं नव्हतं. कवट्या, जबडे, शेपटीचे मणके, सगळे रकाने भरून झाल्यावर त्यांना 'इतर पदार्थ' हा रकाना रिकामा दिसला. रिकामा रकाना सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बायकोला विचारलं, आणखी काही निघालं होतं का? कागद, फीत, दोरा?

"कागदाचा कपटासुद्धा नाही," ती म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं. तपासणीच्या दिवशी त्यांनी अहवाल तपासनीसांच्या हातात दिला आणि हात मागे बांधून शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

तपासनीस बारीक, थकलेला माणूस होता. त्याने अहवाल वाचला, नोंदवही मागवली, पुन्हा अहवाल वाचला.

"उंदीर दोन महिन्यांपूर्वी संपले म्हणता?"

"समूळ," दप्तरदार म्हणाले.

"मग या दोन महिन्यांत मूषकभक्षितचे एकतीस शिक्के कसे?"

 हेडक्लार्कच्या चिठ्ठ्या येत होत्या, दप्तरदारांचा हात सवयीने शिक्क्याकडे जात होता. त्यांनी एकदाही विचार केला नव्हता.

"आणि आधीच्या, तीनशे चाळीसहून जास्त?" तपासनीस म्हणाला. "उंदीर फाईल कुरतडतो, अख्खी गिळत नाही. चुरा पडतो. तो चुरा कुठाय?"

चुरा कुठेच नव्हता. एखाद्या फायलीचा कोपरा, एखादी फीत, एवढंच तीस वर्षांत दप्तरदारांनी झाडून काढलं होतं.  फायली कुठे गेल्या हे त्यांना आता कळलं, आणि वरच्या मजल्यावर हे सगळ्यांना पहिल्यापासून कळत होतं, हेही कळलं. ज्या फायली बाहेर येऊ नयेत असं कुणालातरी वाटत होतं त्या वर जात होत्या, आणि खाली आपण सरळ रेषेत शिक्के मारत होतो. दप्तरदारांना आपली लाज वाटली. इतकी, की रागसुद्धा आला नाही.

तपासनीस वर गेला. दार बंद झालं. दोनदा चहा गेला, एकदा खाण्याचं ताट गेलं. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा तपासनीस ताजातवाना दिसत होता. मोठ्या साहेबांनी दप्तरदारांना बोलावलं. टेबलावर नवाकोरा रबरी शिक्का होता. दप्तरदारांनी तो उलटा वाचला: उलूकभक्षित.

"उंदीर संपले हे आपण मान्य केलं," साहेब म्हणाले. "तुमच्या कामाचं कौतुकही केलंय. मग त्या एकतीस फायली गेल्या कुठे? घुबडांनी नेल्या. घरट्यासाठी. यापुढे हा शिक्का. सही करा."

"साहेब, गव्हाणी घुबड घरटं विणत नाही," दप्तरदार म्हणाले. "ते आपल्याच गुठळ्यांच्या चुऱ्यावर अंडी घालतं."

"सही करा."

"आणि कागद खाल्ला असता तर गुठळीत दिसला असता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दप्तरदार, तुमची निवृत्ती आठ दिवसांवर आलीय. सेवापुस्तक माझ्याकडे आहे. शेवटचं पान कोरं आहे. तुम्हाला तिथे काय लिहून हवंय, मला माहितेय. सगळ्यांना माहितेय."

दप्तरदारांनी शिक्क्याकडे पाहिलं. पण हात काही पुढे झाला नाही. हातानेच असं बंड केल्यामुळे बाकीच्या दप्तरदारांना त्याच्यामागे जाणं भाग पडलं. "नाही करत," ते म्हणाले, आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाले की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. मग त्यांना ते दुसऱ्यांदाही म्हणावं लागलं.

घरी मेहुणा होता. तो म्हणाला, "अहो भावजी, करून टाका. घुबड कोर्टात जाणार आहे का? मी पण माझ्या वेळी दोन सह्या केल्या होत्या."

"म्हणून 'समाधानकारक' मिळालं," बायको म्हणाली. घरात जवळजवळ दोन वर्षांनी तो शब्द उच्चारला गेला होता. मेहुण्याने दुर्बीण उचलली आणि जेवायला न थांबता गेला.

निरोप समारंभ शेवटच्या दिवशी चार वाजता, अभिलेख कक्षातच झाला. दप्तरदारांना घड्याळ आणि फुलांचा गुच्छ मिळाला. बायको पहिल्या रांगेत बसली होती. दार उघडं होतं, बाहेर बाकावर नेहमीची माणसं होती. मोठ्या साहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यात 'कुटुंबातला माणूस' हे शब्द पाच वेळा आले. मग प्रथेप्रमाणे सेवापुस्तक द्यायची वेळ आली. साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने खाकरून नोंदवही उघडली.

"कळवण्यास खेद होतो," तो वाचू लागला, "की दप्तरदार यांचे सेवापुस्तक शोध घेऊनही मिळून आले नाही. ते अभिलेख कक्षातील घुबडांनी खाल्ले असल्याचे दिसते. तशी नोंद घेण्यात आली आहे."

नोंदवहीत शिक्का होता, उलूकभक्षित, तिरका मारलेला.  दप्तरदार घड्याळ आणि गुच्छ धरून उभे होते. तीस वर्षांची नोकरी एका ओलसर शिक्क्याखाली गेली होती. रडू येऊ नये म्हणून ते छताकडे बघू लागले. छताजवळच्या कोपऱ्यात पिल्लं फुसफुसत होती.

बायको उठली. ती काही मोठ्याने बोलली नाही. साखर संपली असं सांगावं तितक्याच आवाजात बोलली.

"घुबडानं खाल्लं म्हणता?"

"तशी नोंद आहे, वहिनी," साहेब म्हणाले.

"मग गुठळी दाखवा."

"काय?"

"गुठळी. खाल्लं असेल तर ओकलं असेल. पुठ्ठा पचत नाही त्याला, शिलाईचा दोरा पचत नाही. आजच्या गुठळ्या अजून पेटीखाली पडल्यात, मी आल्या आल्या बघितलं. आणा इथे. मी फोडते." तिने पर्स उघडली आणि चिमटा काढून टेबलावर ठेवला. मग चष्मा लावला.

 साहेब हसायला गेले आणि मध्येच थांबले. हेडक्लार्कने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. शेवटी ज्याचं बोट पिंजऱ्यात सापडलं होतं तो शिपाई उठला.

"साहेबांच्या डाव्या कपाटात बघतो," तो म्हणाला. "तिथे बरंच काही असतं." आणि कुणी हो म्हणायच्या आत तो जिना चढूनसुद्धा गेला.

तो सेवापुस्तक घेऊन आला. धूळही नव्हती त्याच्यावर. बायकोने ते शेवटच्या पानावर उघडून साहेबांसमोर ठेवलं आणि त्यांच्या खिशातलं हिरवं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी लिहिलं. तिने वाचून पाहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून उभी राहिली. दप्तरदारांना तो शब्द तिच्या खांद्यावरून दिसला. त्या शब्दाची आपण इतकी वर्षं वाट पाहिली आणि तो बघायच्या ऐवजी आपण बायकोकडेच बघतोय, असं त्यांच्या लक्षात आलं.

साहेब उठू लागले, पण दारात वाट नव्हती. बाकावरची सगळी माणसं उठून दाराशी आली होती. सगळ्यांत पुढे एक वयस्क बाई होत्या, घराच्या नकाशासाठी नऊ वर्षं येत होत्या. त्यांनी आपला अर्ज पिशवीतून काढला, घडी उलगडली आणि टेबलावर चिमट्याशेजारी ठेवला.

"आता माझी गुठळी दाखवा," त्या म्हणाल्या.